मस्टरमधली प्रश्नचिन्हं

शनिवारी सकाळी मित्राचा फोन आला की समजायचं, एकतर कुठल्यातरी गडावर जायचा बेत आहे, नाहीतर त्याचं काहीतरी बंद पडलंय. पावसाळ्याचे दिवस होते, म्हणून मी राजगडाच्या आशेने फोन उचलला. निघालं दुसरंच.

"अरे, तू ते डेटाबेसचं बघतोस ना? आमच्या मस्टरची पार वाट लागलीये. ये ना जरा."

या मित्राचं तळवड्यात छोटंसं प्रेस शॉप आहे. पत्र्याचे सुटे भाग दाबून काढायचे आणि चाकणच्या मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्यांना द्यायचे, असा धंदा. वडिलांनी सुरू केला, आता हा बघतो. मी नोकरीला तळवड्याच्याच सॉफ्टवेअर पार्कात. म्हणजे अंतर फार नाही, पण एकीकडे एसी आणि कॉफीचं मशीन, दुसरीकडे प्रेसचा दिवसभर धाड-धाड आवाज. त्याच्याकडे गेलो की मला नेहमी वाटतं, आपण दिवसभर नक्की काय बनवतो? असो.

तर झालं होतं असं. त्याच्याकडे वीसेक वर्षं कामाला असलेले एक मामा आता घरी बसणार होते. (सगळे त्यांना मामाच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) त्यांचा हिशेब करायचा तर सुरुवातीपासूनची हजेरी हवी. मधल्या काळात कंत्राटदार तीनदा बदलले होते, आणि दर वेळी सगळ्यांची नावं नव्याने टाइप करून टोकन नंबर नव्याने दिले होते. हजेरी टोकन नंबरवर, पगाराचं पाकीटही टोकन नंबरवर. म्हणजे कुठला नंबर कधी कोणाचा होता, हे सांगणारी एकच गोष्ट - नावांचं टेबल.

मित्राच्या पुतण्याने उत्साहाने पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहिली, क्वेरी मारली. 'शंकर' नावाचा माणूस शोधला तर एकही ओळ मिळेना. मग त्याने सगळंच टेबल छापलं. त्यात तीन प्रकारची माणसं निघाली. पहिल्या गटातल्यांच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी. दुसऱ्या गटात डोक्यावर रेघ असलेला ए, मग चलनाचं गोल चिन्ह, मग आणखी काहीतरी, पुन्हा तोच ए, पुन्हा तेच गोल. आणि तिसऱ्या गटात नुसती प्रश्नचिन्हं. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं.

मामा तिथेच स्टुलावर बसले होते. स्क्रीनकडे बघून शांतपणे म्हणाले, "साहेब, मी काय आज लागलो का कामाला?"

या प्रश्नाला उत्तर देता देता माझा अख्खा शनिवार-रविवार गेला. पण गंमत म्हणजे ते टेबल म्हणजे मराठीचा कॉम्प्युटरवरचा इतिहासच होता. इनामगावला डेक्कन कॉलेजने खणलं तेव्हा जसे एकाखाली एक वस्तीचे थर निघाले, तसे इथे एकाखाली एक तीन थर. म्हणून म्हटलं, लिहून काढू.

पहिला थर: अक्षर नाही, अक्षराचं चित्र

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हा माणसामाणसांतला करार. अमेरिकेत १९६३ मध्ये 'अस्की' नावाचा करार झाला. त्यात १२८ जागा. इंग्रजी लिपी, अंक, विरामचिन्हं यांनी त्या भरल्या. एका बाइटमध्ये २५६ आकडे मावतात, म्हणजे वरच्या १२८ जागा उरल्या. त्या जागांवर जगभरातल्या सगळ्यांनी आपापल्या सतरंज्या टाकल्या. युरोपवाल्यांनी टोपीवाली, टिंबवाली अक्षरं बसवली. आपण काय बसवलं?

आपल्याकडे दोन रस्ते होते. एक रस्ता सरकारी होता आणि खरं सांगायचं तर तो फार हुशारीचा होता. कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकात देवनागरी टर्मिनलवर काम झालं, त्याला 'जिस्ट' म्हणत. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि जिस्टचं काम पुण्यात आलं. त्यामागची कल्पना अशी की कॉम्प्युटरने अक्षराचं चित्र साठवायचं नाही, उच्चाराचा क्रम साठवायचा. 'क्ष' म्हणजे क, हलन्त, ष. 'कि' म्हणजे आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी. कागदावर वेलांटी आधी दिसते ते कागदाचं बघू. जोडाक्षर कसं दिसावं ही डोकेदुखी मशीनची. शिवाय मराठी, बंगाली, गुजराती, तमिळ सगळ्यांचा 'क' एकाच आकड्यावर. लिपी बदलायची तर फक्त दाखवण्याची पद्धत बदलायची. या कराराचं नाव 'इस्की'. भारतीय मानक ब्यूरोने तो १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केला.

दुसरा रस्ता बाजाराचा. १९९० च्या दशकात घरोघरी विंडोज आलं, त्याला इस्की कळत नव्हतं. पण लग्नपत्रिका तर छापायच्या होत्या! मग लोकांनी सोपी युक्ती केली. फॉन्ट बनवायचा, आणि त्यात इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र ठेवायचं. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, आणि सी-डॅकचे स्वतःचे फॉन्टसुद्धा... प्रत्येकाची मांडणी वेगळी. देवनागरीचे अर्धे-पाव तुकडे खिळ्यांसारखे: अर्धा व, काना, वेलांटी, रफार. टाइपरायटरवर जसं दिसेल तसं टाइप करायचं, तसंच इथे. वेलांटी आधी दिसते म्हणून वेलांटी आधी.

या फॉन्टना नावं ठेवणं आज सोपं आहे. पण ते नसते तर त्या दहा-पंधरा वर्षांत मराठी टंकलेखन, छपाई, पतसंस्थांची पासबुकं, काहीच कॉम्प्युटरवर आलं नसतं. तुमच्यापैकी जे तेव्हा मराठी वर्तमानपत्रं नेटवर वाचायचे त्यांना 'आधी हा फॉन्ट उतरवून घ्या' हे आठवत असेलच. फॉन्ट असेल तर बातमी, नसेल तर शिव्या दिल्यासारखी चिन्हं :)

मस्टरचा पहिला थर हा असा होता. २००५ च्या सुमारास कोणीतरी नावं एका फॉन्टमध्ये टाइप केलेली. डेटाबेसच्या दृष्टीने त्यात मराठी नव्हतीच, इंग्रजी अक्षरंच होती. मराठी होती फॉन्टच्या फाईलमध्ये, आणि ती फाईल जुन्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेली.

पण हा थर गेला म्हणायचा नाही. आकडे शाबूत आहेत, फक्त करार हरवलाय. आपल्याकडे मोडीचं तेच झालं ना? शेकडो वर्षं मराठीचे हिशेब, पत्रं, सनदा मोडीत लिहिल्या. दप्तरांत कागद आहेत, शाई आहे, वाचणारा मिळत नाही. वाचणारा मिळाला की कागद बोलायला लागतो. आम्हीही तेच केलं. 'राम', 'पवार', 'शिंदे' असे नेहमीचे तुकडे कुठे येतात ते बघत, ओळखीच्या फॉन्टांशी ताडत फॉन्ट ओळखला. मग रूपांतराचा तक्ता केला, वेलांट्या आणि रफार उचलून योग्य जागी नेले. दुपारपर्यंत पहिला थर वाचता यायला लागला. मामा सापडले. आडनाव कुऱ्हाडे. (नाव-आडनाव मी बदललंय, पण त्यातला 'ऱ्हा' तसाच ठेवलाय, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.)

दुसरा थर: स्वीडिश डब्यातली मराठी

१९९१ हे वर्ष गमतीचं आहे. ज्या वर्षी आपल्याकडे इस्की प्रसिद्ध झालं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा आकडा, सतरंज्यांची भांडणं बंद. आणि देवनागरीची मांडणी त्यांनी कुठून घेतली? आपल्याच इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून. म्हणजे आज तुमच्या फोनवर 'क' आधी आणि वेलांटी नंतर साठवली जाते, ते कानपूर-पुण्याच्या त्या विचारामुळे. बाजारात हरलेला रस्ता मागच्या दाराने जगभर गेला.

युनिकोडने आकडे दिले, ते बाइटमध्ये कसे भरायचे हा वेगळा प्रश्न. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका साध्या खाणावळीत केन थॉम्पसनने रॉब पाइकसमोर टेबलावरच्या प्लेसमॅटवर 'यूटीएफ-८' ची पद्धत मांडली. इंग्रजीला एक बाइट, युरोपातल्या बऱ्याच अक्षरांना दोन, आपल्या देवनागरीला तीन. 'म' चा युनिकोड आकडा २३५०, आणि त्याचे यूटीएफ-८ बाइट २२४, १६४, १७४. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह २२४ ने सुरू होतं, आणि पुढे १६४ नाहीतर १६५ येतो. हे लक्षात ठेवा, लगेच उपयोगी पडणार आहे.

२००० मध्ये विंडोज २००० आलं, त्यात मराठी थेट युनिकोडमधून होती आणि सोबत र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट. मग बरहा, गमभन वगैरे आले आणि आपण सगळे नेटवर मराठीत लिहायला लागलो. पण डेटाबेस?

मायएसक्यूएल स्वीडनमध्ये जन्मलं. त्यामुळे त्यात काही न सांगता टेबल बनवलं की ते 'लॅटिन-१' चं, आणि क्रमवारी स्वीडिश. हो, खरंच! मायएसक्यूएल ८.० येईपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत हाच रिवाज होता. तळवड्यातल्या कामगारांची नावं इतकी वर्षं स्वीडिश क्रमाने लावली जात होती.

आता २००७ साली काय झालं असेल बघा. कोणीतरी पीएचपीमध्ये नवा प्रोग्राम लिहिला. पान यूटीएफ-८ मध्ये. टेबल लॅटिन-१ चं. आणि दोघांमधल्या जोडणीला कोणी काही सांगितलंच नाही, म्हणून तीही लॅटिन-१ ची. पानाने 'म' चे तीन बाइट पाठवले. डेटाबेस म्हणाला, ही तीन युरोपीय अक्षरं दिसतात. ठेवली. वाचताना तीच तीन अक्षरं परत दिली, पानाने ती यूटीएफ-८ म्हणून वाचली आणि 'म' दाखवला. दोन चुका, एकमेकींना झाकणाऱ्या! सगळं छान चाललं. कोणाला काय कळणार?

पुतण्याची स्क्रिप्ट आजची. तिने जोडणीलाच सांगितलं, मी यूटीएफ-८ बोलते. डेटाबेस बिचारा प्रामाणिक. त्याने ती तीन 'युरोपीय अक्षरं' एकेक करून यूटीएफ-८ मध्ये भाषांतरित करून दिली. २२४ म्हणजे डोक्यावर रेघ असलेला ए, १६४ म्हणजे चलनाचं गोल चिन्ह. म्हणजे ती खिचडी म्हणजे आपला देवनागरी म च होता, चुकीच्या चष्म्यातून पाहिलेला.

हाही थर वाचतो. उपाय प्रसिद्ध आहे: कॉलमला आधी सांगायचं, तू अक्षरं नाहीस, नुसते बाइट आहेस. मग सांगायचं, हे बाइट यूटीएफ-८ आहेत. बाइटला हात लावायचा नाही, फक्त डब्यावरची चिठ्ठी बदलायची. आमच्याकडे एकाच कॉलममध्ये तिन्ही थर मिसळलेले असल्यामुळे चिठ्ठी सरसकट बदलता येईना. मग नवा कॉलम केला आणि ओळीओळीने भरला. अर्थात आधी सगळ्या डेटाबेसची प्रत काढून पेन ड्राइव्ह मित्राच्या खिशात ठेवला. हे विसरू नका. अशा दुरुस्त्यांत जेवढा डेटा वाचतो त्याहून जास्त उत्साहात मरतो.

तिसरा थर: जे खरंच बुडालं

तिसऱ्या थरापाशी आल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, यांचीपण चिठ्ठी बदलू या ना."

मी म्हटलं, थांब. क्वेरीत नाव मागू नकोस, नावाचे बाइट माग. मायएसक्यूएलमध्ये 'हेक्स' नावाचं फंक्शन आहे, ते कॉलमच्या पोटात खरोखर काय आहे ते सोळाच्या अंकपद्धतीत दाखवतं. प्रश्नचिन्हं दिसली म्हणून लगेच रडायचं नसतं, कारण प्रश्नचिन्हं दोन जागी तयार होऊ शकतात. कधी आत मराठी सुखरूप असते, पण जोडणी लॅटिन-१ ची असल्यामुळे बाहेर येताना डेटाबेसला तिचं भाषांतर जमत नाही, तो प्रत्येक अक्षरासाठी एक प्रश्नचिन्ह देतो. हे सुदैव. जोडणी बदला, नाव परत येतं. अशा वेळी हेक्समध्ये ई०ए४, ई०ए५ असं दिसतं, म्हणजे आपले २२४-१६४ आणि २२४-१६५. आणि कधी हे भाषांतर आत जातानाच फसलेलं असतं. मग हेक्समध्ये ३एफ, ३एफ, ३एफ. म्हणजे ६३. म्हणजे खरंखुरं प्रश्नचिन्ह, अस्कीच्या जमान्यापासूनचं.

आमच्याकडे ३एफ निघालं. ३९ ओळी.

झालं काय होतं, तर २०११ मध्ये कोणीतरी प्रोग्राम 'सुधारला'. जोडणी यूटीएफ-८ केली, जे योग्यच होतं. पण कॉलम लॅटिन-१ चाच राहिला. आता डेटाबेसला पहिल्यांदाच कळलं की हा मराठी 'म' आहे, आणि लॅटिन-१ मध्ये 'म' नाही. त्याने गुपचूप प्रश्नचिन्ह ठेवलं. त्या काळी तो अशा वेळी फक्त इशारा नोंदवायचा, आणि तो इशारा कोण वाचतो? पुढे २०१५ मध्ये ५.७ आवृत्तीपासून कडक नियम आपोआप लागू झाले आणि अशी नोंद थेट नाकारली जायला लागली. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर काम करणाऱ्यांना हे दुखणं वेगळ्या रूपात माहीत असेल: मराठी मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी 'एन' लिहायला विसरलं की क्वेरी सुटतानाच मराठीची प्रश्नचिन्हं होतात, कॉलम कितीही चांगला असो.

बरं, हे तेव्हा कोणाला दिसलं नाही का? दिसलं की! गेटवरच्या यादीत प्रश्नचिन्हं छापून यायला लागली, तेव्हा वॉचमनने पेनने नावं लिहून काम चालवलं. तीन वर्षं. मला राग यायला हवा होता, पण आपण ऑफिसात तरी दुसरं काय करतो?

तर लक्षात घ्या. खिचडी दिसणं म्हणजे चुकीचं वाचन. प्रश्नचिन्ह दिसणं म्हणजे कदाचित मृत्यू. खिचडीत बाइट असतात, म्हणून ती सोडवता येते. ३एफ मध्ये काहीच नसतं. गणेश असो, रमेश असो, चारही अक्षरांची तीच चार चिन्हं. कुठलाही प्रोग्राम, कितीही हुशार, त्यातून गणेश परत आणू शकत नाही.

चार आणि नऊ

रविवारी सकाळी मामा एक गाठोडं घेऊन आले. २०११ चं कागदी मस्टर, एकाच वर्षाचं. बाकीची वाळवीने खाल्ली होती. त्यात हाताने लिहिलेली नावं होती, पण टोकन नंबरचा रकाना कोरा. म्हणजे इकडे नावं, तिकडे नंबर आणि प्रश्नचिन्हं. जुळवायचे कसे?

पुतण्याच्या डोक्यात आलं ते मला सुचलं नसतं. प्रश्नचिन्हातून अक्षर जातं, पण संख्या राहते! प्रत्येक युनिकोड चिन्हाला एक प्रश्नचिन्ह, आणि नाव-आडनावामधली मोकळी जागा तशीच. 'पवार' म्हणजे प, व, काना, र - चार. 'शिंदे' म्हणजे श, वेलांटी, अनुस्वार, द, मात्रा - पाच. आम्ही कागदावरच्या प्रत्येक नावाची लांबी काढली आणि जुळवत बसलो. अगदी शब्दकोड्यासारखं. जिथे दोघांची लांबी सारखी, तिथे महिन्याचे खाडे ताडून पाहिले, कारण आकडे कधीच बुडाले नव्हते.

दुपारपर्यंत एक सोडून सगळे जुळले. राहिले नेमके मामा. शंकर म्हणजे चार. कुऱ्हाडे म्हणजे क, उकार, ऱ, हलन्त, ह, काना, ड, मात्रा - आठ. चार-आठची ओळच नाही! उलट चार-नऊच्या ओळी दोन होत्या आणि कागदावर चार-नऊचा माणूस एकच, गणेश क्षीरसागर. (तेही बदललेलं नाव, लांबी मात्र तीच.)

मग माझी ट्यूब पेटली. ही दोन आडनावं बघा: कुऱ्हाडे आणि कुर्‍हाडे. सारखीच दिसतात ना? पण पहिल्यात 'ऱ' हे वेगळं अक्षर आणि हलन्त आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं चिन्ह, शून्य रुंदीचा जोडक. मराठीतला हा आडवा अर्धा र हिंदीला लागत नाही. रफारापासून तो वेगळा दाखवायचे हे दोन मार्ग आहेत, आणि युनिकोडला दोन्ही मान्य आहेत. कोणता कळफलक वापरला त्यावर कुठला येईल ते ठरतं. डोळ्यांना एक, डेटाबेसला दोन. 'ॲ' चंही तेच: मराठीचा हा ॲ युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ मध्ये आला. तोवर लोक अ वर चंद्र चढवून काम भागवायचे, कोणी मध्ये जोडक घालून, कोणी न घालता. म्हणजे 'ॲन्थनी' शोधलं की जुना 'अ‍ॅन्थनी' सापडत नाही. तुमच्या मराठी डेटाबेसमध्ये शोध चालत नसेल तर कधीतरी हे तपासून बघा. साठवतानाच दोन्ही एका रूपात आणून ठेवणं हाच उपाय.

तर टाइप करणाऱ्याने जोडक वापरला असेल तर कुऱ्हाडे आठाचे नऊ होतात. म्हणजे चार-नऊच्या दोन ओळींत एक क्षीरसागर, एक मामा. कुठली कोणाची?

मी विचारलं, "मामा, तुम्ही सुट्टी कधी घ्यायचात?"

"सुट्टी कसली साहेब? पालखी देहूतून निघाली की पुण्यापर्यंत चालत जायचो. तेवढाच खाडा."

दोन्ही ओळींची हजेरी काढली. एका ओळीत २०११, २०१२, २०१३ तिन्ही वर्षी पालखीच्या दिवसांत सलग खाडे. बाकी वर्षभर जवळजवळ नाहीत. कागदी मस्टरशी २०११ चे खाडे तंतोतंत जुळले. मामांनी स्क्रीनवरच्या त्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हां, हा मी."

शेवटी इंद्रायणीकाठी

संध्याकाळी परत येताना देहू-आळंदी रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, आणि मनात आलं की आम्ही ही उठाठेव करत होतो कुठे! इंद्रायणीच्या काठावर, देहूच्या शेजारी. तुकोबांच्या वह्या इथल्याच डोहात बुडवल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या तरल्या, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. दुसरीकडे अनेक जण असंही म्हणतात की लोकांना अभंग तोंडपाठ होते, म्हणून गाथा तरली. चाकणच्या संताजी जगनाडेंनी अभंग लिहून ठेवले, असं परंपरा सांगते. पाण्यात गेलेलं पाण्याने परत दिलं असो वा माणसांनी, प्रत दुसरीकडे कुठेतरी होती म्हणून ते आज आपल्या हातात आहे.

आम्ही दोन दिवसांत जे वाचवलं त्यातले दोन थर तंत्राने वाचले. तिसरा वाळवीतून उरलेल्या एका वहीने आणि एका वारकऱ्याच्या खाड्यांनी वाचला. तंत्राने तिथे फक्त मोजायचं काम केलं.

एक शेवटची माहिती. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली. तिचे आकडे मोठे, म्हणून यूटीएफ-८ मध्ये तिच्या प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात. आणि मायएसक्यूएलचं जुनं 'यूटीएफ-८' नाव लावलेलं चारसेट तीनच बाइट घेतं. चार हवे असतील तर 'यूटीएफ-८-एमबी-४' असं स्पष्ट लिहावं लागतं. देवनागरी तिनात बसते, म्हणून आपल्याला कधी कळत नाही. पण उद्या कोणी मोडी दप्तरांचं टेबल बनवायला घेतलं आणि जुनीच सवय ठेवली, तर तीनशे वर्षं दप्तरात टिकलेला कागद एका क्वेरीत बुडेल. तेव्हा सोमवारी ऑफिसला गेलात की एवढं करा: टेबल, जोडणी आणि फाईल, तिघांना कुठला करार चाललाय ते विचारा, आणि उत्तर कुठेतरी लिहून ठेवा. पुढच्या माणसासाठी.

मामांचा हिशेब पुढच्या आठवड्यात झाला. मित्राने नवीन यादी छापून गेटवर लावली. वॉचमन म्हणाला, बरं झालं, पेनची शाई संपत आली होती.

राजगड मात्र राहिलाच. बघू, पुढच्या शनिवारी.